भोपळ्याचा लिलाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करते!

आमचे शांतवन, म्हणजे माझे यजमान, लिलावाचे राजे. कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लोक शेतातलं काहीबाही अर्पण करतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. एका भोपळ्यावरून हे दोन चुलतभावांना असे भिडवायचे, की पाळकसाहेब हसून हसून डोळे पुसायचे.

यांना फिटचा आजार. पण गोळ्या लागू पडल्या आणि वर्षानुवर्षं एकही फिट नाही. डॉक्टरांनी बजावलेलं — विचारल्याशिवाय गोळीची कंपनीसुद्धा बदलायची नाही. गोळ्या नगरहून मीच आणायची. एका वर्षी सणाआधी गेले — आणि काय केलं? सणाची साडी घेतली! काठ निवडता निवडता बसची वेळ झाली, गोळ्या राहिल्याच. परतताना तिसगावला उतरून तिथल्या मेडिकलमध्ये विचारलं.

"औषद तेच हाय, कंपनी दुसरी. पन डाक्टरला इचारा, मावशी."

विचारलं? छे! साडीपायी गोळ्या राहिल्याचं बिंग फुटलं असतं ना. नव्या गोळ्या यांच्या नेहमीच्या डबीत ओतल्या आणि मोकळी झाले.

सणाच्या दिवशी भोपळा उंच धरून हे ओरडत होते — आणि तसेच कोसळले. त्या नव्या साडीच्याच पदरानं मी यांचं तोंड पुसलं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली होती? बदलली होती?

"न्हाई साहेब. हिच्या हातून कधी चुकायचं न्हाई," हे मोठ्या अभिमानानं म्हणाले.

आणि मी? मी मान डोलावली. डॉक्टरांनी डोस वाढवला. घरी येऊन उरलेल्या गोळ्या मी चुलीत घातल्या आणि डबीत पुन्हा जुन्या कंपनीच्या भरल्या.

फिट परत आली नाही. पण वाढलेल्या डोसनं हे उपदेशात डुलक्या घेतात, मी कोपरानं ढोसते, बायका हसतात — मीही हसते. लिलाव मात्र यांनी सोडला. "लई वरडलो म्हनून झालं ते," म्हणतात.

आता दुसरंच कुणीतरी बोली पुकारतं, अगदी मिळमिळीत. हे मागच्या बाकावर बसून ओठातल्या ओठात भोपळ्याची तारीफ करत राहतात. मला सगळं ऐकू येतं.

ओरडल्यानं काही झालं नव्हतं. माझ्यामुळं झालं. आणि मी यांच्या शेजारीच बसलेली असते, गप्प.