सोमवारची रीडिंगं

सुजाताआक्का गेली म्हणून फोन आला, तवा मी बेळगावात लॅबमध्ये तिच्याच मीटरसमोर बसलोतो. दम्याचा अटॅक, निपाणीत, घरीच... महिना झाला. पेपरात लिहायची सवय न्हाय मला, पण सांगितल्याशिवाय राहवंना.

आक्का पीएचडी करत होती, मी तिचा ज्युनियर, दोघांचे गाईड सर एकच. काचेच्या पट्टीवर सेंद्रिय अर्धवाहकाचा निळा थर, दिसंल न दिसंल एवढा पातळ, त्यालाच आम्ही फिल्म म्हणायचो. आजूबाजूला कुठला वायू हाय त्यावर त्यातला करंट बदलतो. ऑक्सिजननं वाढतो, अमोनिया लागला की पडतो. आक्का म्हणायची, "हिला नाक हाय बघ, सरांपेक्षा चांगलं."

तर दर सोमवारी तिची रीडिंगं पडायची, मंगळवारी परत ठीक. शनिवार-रविवार ती निपाणीला, आईसंगं तंबाखूच्या वखारीत काम करायची अन सोमवारी पहिल्या एसटीनं थेट लॅबला. तंबाखू मुरताना अमोनिया सुटतो, तो तिच्या केसांत, कपड्यांत बसलेला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "घरची घाण लॅबमध्ये आणू नका. अंघोळ करून येत जावा." बाहेर आल्यावर आक्का मला म्हणाली, "अंघोळ करूनच आलते रं. फिल्म बरोबर सांगतीय. हवाच तसली हाय."

पुढच्या रविवारी तिनं फिल्म जेवणाच्या डब्यातनं वखारीत नेली, मीटर पिशवीत. तिथं करंट पार तळाला गेला. त्याच हवेत आईचा जन्म गेला, आक्का लहानपणी तिथंच पोत्यावर निजायची. तिला हे प्रबंधात घालायचं होतं, निदान एक प्रकरण. सर म्हणाले, विषय सोडून हाय. अन मला सांगितलं, वखारीची अन सोमवारची सगळी रीडिंगं कंप्युटरमधनं काढून टाक.

मी काढली. टायपिंग लई फास्ट हाय ना माझं, दोन मिनिटांत झालं. आक्कानं एवढंच विचारलं, "कॉपी ठेवलीस व्हय?" न्हाय म्हटलं.

शोकसभेत सर म्हणाले, तिची फिल्म फार संवेदनशील होती.

परवा तिच्या आई सामान न्यायला आल्या, वखारीतनं तशाच. टेबलाजवळ बसल्या अन फिल्म जोडलेल्या मीटरवरचा आकडा उतरायला लागला.

"काय बिघडलं रं?"

"काय न्हाय मावशी. बसा जरा."

आक्काची वही काढली. तारीख, वेळ, आकडे लिहिले. असल्या आकड्यांना सर 'चूक' म्हणायचे. शेऱ्याच्या खान्यात मी लिहिलं, 'वखारीची हवा'. मावशी उठायला लागल्या. म्हटलं, अजून पाच मिनिटं बसा... रीडिंग पुरं होऊ दे.