अहवालात माझं नाव लिहिणारे विल्सन सर

विल्सन सरांनी कंपनीच्या चौकशी अहवालात माझं नाव लिहिलं होतं. चूक करणारा म्हणून.

काल संध्याकाळी सर गेले.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कंपनीची गोदामं कामणला आणि ऑफिस वसई ईस्टला, एव्हरशाईनच्या बाजूला. मी तिथे वेब डेव्हलपर होतो. पंचवीस वर्षांचा, मनवेलपाड्यातला, स्वतःला फार हुशार समजणारा.

कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त आमच्या स्टाफसाठीची वेबसाइट, मीच बनवली होती. पहिल्या पानावर एमडींचा मोठा फोटो, त्यांचा संदेश, खाली आजचे बर्थडे.

कोणी उघडायचं नाही.

मग मॅनेजमेंटने ती वेबसाइट सुधारायचं काम विल्सन सरांकडे दिलं. सर डिस्पॅचमधले, पन्नाशी उलटलेले. ईमेल दोन बोटांनी टाइप करायचे. मी घरी येऊन आईला म्हटलं, "माझ्या डोक्यावर एक आजोबा आणून बसवलेत."

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "लॅपटॉप बंद कर. कामणला जाऊ."

"तिथे काय आहे सर?"

"लोक आहेत."

दोन आठवडे आम्ही गोदामाच्या गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. कोण कोणाला काय विचारतं, ते मी वहीत लिहायचं. बाकी काही नाही.

उद्या माझी शिफ्ट कुठली? रजा किती उरली? ड्रम गळतोय, कोणाला सांगू?

एमडींचा संदेश काय आहे, असं दोन आठवड्यांत एकाही माणसाने विचारलं नाही.

मीटिंगमध्ये सरांनी ती वही वाचून दाखवली. म्हणाले, "पहिल्या पानावर हेच प्रश्न येतील. मराठीत आणि हिंदीत. एमडींचा फोटो तिथून हटवावा लागेल."

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "मग आमच्या डिपार्टमेंटला जागा कुठे?"

"मॅडम, ते पान कुठल्याच डिपार्टमेंटचं नाही."

एमडी स्क्रीनवरच्या स्वतःच्या फोटोकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "करा."

सरांनी एकच नियम घातला. प्रत्येक पानाचा एक मालक. पानाखाली त्याचं नाव. दर महिन्याला त्याने पान वाचायचं, त्यातले फोन लावून बघायचे आणि मगच 'तपासलं' हे बटण दाबायचं.

सेफ्टीच्या पानाचा मालक मी होतो.

दोन महिने मी नुसतं बटण दाबलं.

एका दुपारी कामणला क्लीनिंग केमिकलचा ड्रम फुटला. जयवंत नावाच्या लोडरच्या डोळ्यांत उडालं. मुकादमाने मोबाइलवर आमचं पान उघडलं. पहिली ओळ होती, डोळे पाण्याने धुवा. त्यांनी धुतले. दुसरी ओळ, या नंबरवर फोन करा, गाडी येईल.

नंबर ज्या ऑफिसरचा होता तो नोकरी सोडून गेला होता. फोन लागेना. कोणीतरी उचलेल म्हणून ते लावत राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्याने जयवंतला हॉस्पिटलला नेलं.

डोळे वाचले. उजव्याने त्याला अजून धूसर दिसतं.

सरांनी मला एवढंच विचारलं, "फोन लावून बघितला होतास?"

"नाही सर."

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. मग मला स्कूटरवर बसवून जयवंतच्या घरी घेऊन गेले. दारात म्हणाले, "तू सांग."

मी सांगितलं. बटणाचं, नंबरचं, सगळं.

जयवंत डोळ्यावरची पट्टी चाचपत म्हणाला, "आमी फोन करून करून दमलो. कोनी उचललाच नाय." पट्टीवरून हात काढून त्याने विचारलं, "मंग आता मी काय करू?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मला सोडवलं नाही. त्याच्या बायकोने चहा आणला.

परत येताना मी चिडून म्हटलं, "सर, माझं नाव लिहायलाच हवं होतं का?"

"माझंही लिहिलंय. तुझ्या खाली. तू बघतोस की नाही, ते बघायचं काम माझं होतं."

"माझ्या करिअरचं काय?"

"पानाखाली नाव कशासाठी टाकलं होतं आपण?"

मला वॉर्निंग लेटर मिळालं. सरांचं ठरलेलं प्रमोशन गेलं. ते मला त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

तरी चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

त्यांनी मनधरणी केली नाही. पण दर महिन्याला माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि आम्ही एकेक नंबर लावायचो. एकदा एका सुपरवायझरच्या बायकोने फोन घेतला आणि सरांना झापलं, "दर महिन्याला फोन करता आणि काही बोलत नाही, काय प्रकार आहे हा?" सरांनी फोनवर हात ठेवला आणि हसू दाबायला गेले. दबलं नाही. मीही हसलो.

त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

आज मी एका मोठ्या संस्थेची वेब स्ट्रॅटेजी बघतो. लोक विचारतात, कुठे शिकलास? मी कामण सांगतो. त्यांना वाटतं मस्करी करतोय.

गेल्या महिन्यात सरांना घरी भेटायला गेलो. खूप बारीक झाले होते. मुलीने उशी लावून बसवलं.

मी म्हटलं, "सर, ते चार महिने मी तुमच्याशी नीट बोललो नाही. सॉरी."

सर म्हणाले, "कुठले चार महिने?"

खरंच विसरले होते की मला मोकळं करत होते, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

उद्या सकाळी दहाला त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे अंत्यविधीची प्रार्थना आहे. जुन्या ऑफिसमधल्या सगळ्यांनी या.

सर, शांतपणे विसावा घ्या. तुमचा निखिल.