गावानं माझ्या आजाराचा सत्कार केला

"तुला पीटीएसडी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर समीरचं ऑपरेशन चाललं होतं. समीर माझा तालमीतला जोडीदार, पहिलीपासूनचा मित्र. त्याचं उजवं कोपर मी मोडलं होतं. चोरून नव्हे, भांडणातही नव्हे. तालमीसमोर, हलगीच्या तालावर, चार-पाचशे माणसं टाळ्या वाजवत असताना.

पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. जिवावर बेतलेला प्रसंग होऊन जातो, पण तो झाला, संपला, हे शरीराला पटत नाही. ते मारामारीच्या तयारीतच राहतं. बाईंनी हे साध्या भाषेत सांगितलं. माझे वडील, अण्णा, शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझ्याच हाताचा मार लागून त्यांचा ओठ फुटला होता, त्यामुळं शब्द नीट येत नव्हते.

"म्हंजी डोक्यात फरक पडलाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलेलं नाही," बाई म्हणाल्या. "जखम आहे. हातावरची तुम्हाला दिसली, ही दिसली नाही."

मी चोवीस वर्षांचा आहे, कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचा. घरी म्हशी, थोडा ऊस. मेकॅनिकलची पदवी घेऊन मेलबर्नला मास्टर्सला गेलो. माझ्यासारखी पोरं आता गावोगावी आहेत आणि त्यांचे आईबापही. त्यांच्यासाठी हे लिहितोय. लेखक वगैरे मी नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तिकडं दोन खोल्यांत आम्ही सहाजण राहायचो. आठवड्यातले दोन दिवस कॉलेज आणि उरलेल्या संध्याकाळी मी बॅटरीच्या सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचो. बातम्यांत रोज एकच विषय असायचा. चौदा-पंधरा वर्षांची पोरं कोयते घेऊन फिरतात, मारामारीचं शूटिंग करून टाकतात. सरकार कधी कोयत्यांच्या विक्रीवर बंदी आणायचं, कधी लहान पोरांच्या सोशल मीडियावर. बसमध्ये, वर्गात, सगळीकडं तीच चर्चा. मला वाटायचं, हे ह्यांच्या घरातलं भांडण आहे, आपण आपले डबे पोचवावेत.

जूनमध्ये तिकडं थंडी असते, सहा वाजताच अंधार पडतो. मी एका गल्लीत पार्सल देऊन वळलो आणि तीन पोरं आडवी आली. टोपीचे स्वेटर, तोंडाला कापड. एकाकडं कोयता, एकाकडं मोबाईल. सायकल दे म्हणाले. शहाण्या माणसानं दिली असती. मी सातव्या वर्षापासून तालमीत मागं न सरण्याचं शिक्षण घेतलेलं. मी हँडल सोडलं नाही.

पहिला वार डाव्या हातावर बसला. दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. बाही फाटली आणि आतलं पांढरं दिसलं. दुसरा वार खांद्यापासून पाठीवर गेला. तिसऱ्यासाठी त्यानं हात उचलला तेव्हा माझं डोकं बंद झालं आणि अंगानं काम हातात घेतलं. त्याचा हात मी काखेत आवळला, कंबर आत घातली आणि त्याला डोक्यावरून फेकला. ह्या डावाला आमच्याकडं ढाक म्हणतात. ढाक मातीवर मारायची असते. मी ती सिमेंटच्या फुटपाथवर मारली आणि पडतानाही त्याचा हात सोडला नाही.

त्याचं कोपर उलट्या बाजूला वळलं. त्याचा आवाज आला. तोंडावरचं कापड सुटलं तर दातांना तारा लावलेलं पोरगं, पंधराचंही असेल नसेल. ते आईला हाका मारायला लागलं. "मम, मम." बाकीचे दोघे पळाले. अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही दोघंच त्या फुटपाथवर पडून होतो, त्याचं डोकं माझ्या गुडघ्यापासून हातभर लांब, आणि मधल्या सगळ्या जागेत माझं रक्त. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. गप बस म्हणून लाथ मात्र घातली. एक नव्हे, दोन.

हॉस्पिटलमध्ये हाताची टेंडन्स जोडली. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. बोटं उचलणाऱ्या तीन दोऱ्या तुटल्या होत्या. पाठीला बावीस टाके. तिथल्या डॉक्टरांनी फार आस्थेनं केलं. डिस्चार्जच्या दिवशी एक बाई कौन्सेलिंगचा कागद घेऊन आली. झोप लागते का, दचकतोस का, असं विचारत होती. मी म्हणालो, मी ठीक आहे. कोल्हापूरच्या पोराला रडतोस का म्हणून विचारल्यावर तो दुसरं काय सांगणार? तो कागद मी खालच्या कचरापेटीत टाकला. माझ्या आजारातली ही पहिली चूक, आणि ती माझी स्वतःची आहे.

दुसरी चूक गावाची. मोबाईलवाल्या पोरानं काढलेला व्हिडिओ मी आईला फोन करायच्या आधीच गडमुडशिंगीत पोचला. कुणी त्याला हलगी जोडली, कुणी डायलॉग जोडले. अण्णांनी स्टेटसला ठेवला. सगळ्या गावानं माझी ढाक पाहिली. ते पोरगं हवेत असतानाच व्हिडिओ संपतो. पुढचा आवाज त्यात नाही, लाथाही नाहीत.

तिकडचे पुढचे तीन महिने मी कसे काढले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला लक्षणं ओळखता येतील. दाराला खुर्ची लावल्याशिवाय झोपायचो नाही. शाळेचा गणवेश दिसला की रस्ता ओलांडायचो. ह्याला हायपरव्हिजिलन्स म्हणतात, म्हणजे धोका नसतानाही सतत पहाऱ्यावर असणं. एका रूममेटनं मागून खांद्यावर हात ठेवला, त्याला मी फ्रीजवर आपटला. त्याचा दात हलला. त्यानं पोलिसांत दिलं नाही, नुसतं म्हणाला, "भाई, तू घरी जा." शिक्षणाला एका सत्राची सुट्टी घेऊन मी घरी आलो.

घरी काय वाढून ठेवलंय, ह्याची मला कल्पना नव्हती.

गावच्या कमानीला फ्लेक्स लागला होता. "ऑस्ट्रेलियात कोयता गँगला आस्मान दाखवणारा गडमुडशिंगीचा ढाण्या वाघ." माझा दहावीतला फोटो, मागं कांगारू, खाली पंचवीस शुभेच्छुकांची तोंडं. येत्या रविवारी तालमीसमोर सत्कार. मी आईला म्हणालो, मला नको. आई म्हणाली, "आरं, लोकांनी मायेनं केलंय. नुसतं बसून ये की." तिनं माया म्हटलं ते खरंच होतं, म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

फेटा, शाल, नारळ झालं. भाषणं झाली. मग वस्तादांनी माईक घेतला. त्यांनीच मला कुस्ती शिकवली, माझ्या पायाला तेल लावलं, त्यांच्यावर राग धरवत नाही. ते म्हणाले, "मोबायलात बघून डोळं दुखाय लागलं. पोरा, ती ढाक आमास्नी हितं मारून दाव की."

तालमीतल्या माणसाला ह्यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडं डावाचं कौतुक म्हणजे डाव करून दाखवणं. समीर शर्ट काढून लाल मातीत उतरला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो फाउंड्रीत कामाला आहे. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हळू घे. उद्या फर्स्ट शिफ्ट हाय माझी."

मी त्याचा हात काखेत घेतला. नेमकी त्याच वेळी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

त्यापुढचं मला लोकांनी सांगितलं आहे. मी समीरला फेकलं आणि हात सोडला नाही. तो "सोड, सोड" म्हणून ओरडत होता. हलगी चालू होती, टाळ्या चालू होत्या, सगळ्यांना वाटलं हे असंच असतं. मला मात्र ऐकू येत होतं "मम, मम," आणि ते बंद करायचं होतं. कोपर मोडल्यावरही मी थांबलो नाही. त्याच्या छातीवर बसून तोंडावर बुक्क्या घातल्या. चौघांनी मला ओढलं तेव्हा मी वस्तादांच्या मनगटाला चावलो, मांस निघेपर्यंत. अण्णा मधे पडले, त्यांचा ओठ फुटला. शुद्धीवर आलो तेव्हा फेटा गळ्यात होता आणि तोंडात रक्ताची चव होती, दुसऱ्याच्या रक्ताची.

ह्याला फ्लॅशबॅक म्हणतात. आठवण येणं वेगळं. फ्लॅशबॅकमध्ये माणूस त्या जागी परत जातो आणि समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही. फटाके, व्हिडिओला जोडलेली तीच हलगी, काखेत आवळलेला हात, हे माझे ट्रिगर होते. ट्रिगर म्हणजे ज्यानं हे सुरू होतं ती गोष्ट. गावानं प्रेमानं तिन्ही एका जागी आणून ठेवले होते.

समीरच्या कोपरात प्लेट बसली. मला त्याच हॉस्पिटलात पाच दिवस ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. हे मी ठळक लिहितोय, कारण सवय लागते असं कुणीतरी सांगितल्यावर मी दहाव्या दिवशी त्या बंद केल्या आणि पुढच्या आठवड्यात घरातला आरसा डोक्यानं फोडला. आईनं माझ्या कपाळातल्या काचा चिमट्यानं काढल्या. एकदाही ओरडली नाही. मला ते मारापेक्षा जास्त लागलं.

दर गुरुवारी त्याच डॉक्टरबाईंकडं थेरपी असायची. तिचं नाव प्रोलाँग्ड एक्स्पोजर. झालेला प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, पुन्हा पुन्हा तोंडानं सांगायचा, म्हणजे शरीराला हळूहळू कळतं की तो संपला. वेटिंगमध्ये माझ्याआधी एक शाळकरी पोरगी बसलेली असायची, मनगटावर पट्टी बांधलेली. गणवेश बघून मी पहिल्या दिवशी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

चार आठवडे मी कोयत्याबद्दलच बोललो. बाई ऐकून घ्यायच्या. पाचव्या गुरुवारी म्हणाल्या, "व्हिडिओ थांबतो, त्याच्यापुढं काय झालं?"

मी आवाजाबद्दल सांगितलं. मम म्हणणाऱ्या पोराबद्दल, लाथांबद्दल सांगितलं. मग उठून त्यांच्या बेसिनमध्ये ओकलो. त्या म्हणाल्या, "तू मार खाल्लास म्हणून आजारी आहेसच. पण तू मारलंस, आणि त्यासाठी गावानं तुला फेटा बांधला. ते तुझ्या गळ्याखाली उतरत नाहीये." मी अर्धा तास रडलो. त्या पोराचाही राग आला, अजून येतो. कोयता त्यानंच आणला होता. पण दातांच्या तारा लावायला त्याला कुणीतरी घेऊन गेलं असेल ना, त्याच्या आईला त्या संध्याकाळी फोन गेला असेल ना, हे एकदा डोक्यात आलं की निघत नाही.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. ते भाकरी हातात धरून बसले. मग मोबाईल काढून व्हिडिओ पुसला आणि म्हणाले, "मला काय म्हाईत, बाळा. मला वाटलं तू जिंकलास."

तिथल्या कोर्टाकडून मेल आला होता. व्हिक्टिम इम्पॅक्ट स्टेटमेंट द्यायचं असल्यास द्या. म्हणजे गुन्ह्यानं तुमच्यावर काय परिणाम झाला ते तुमच्या शब्दांत लिहायचं. बाईंनी दोन गुरुवार बसून माझ्याकडून लिहून घेतलं. मी टाके लिहिले, आरसा लिहिला, समीर लिहिला. लाथाही लिहिल्या. त्या लिखाणाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

राहिला समीर. दोन महिने मी त्याच्या घराकडं फिरकलो नाही. मी पुन्हा कुणाला इजा करणार नाही, ह्याची खात्री मला कोण देणार होतं? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खात्री मी देत नाही. तुला जवळ जाऊन बघावं लागेल."

समीरचं कोपर आखडलं होतं. हात अर्धाच वळायचा, घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, फाउंड्रीनं नाव कमी करायची भाषा सुरू केली होती. रोज घरी कुणीतरी हात धरून हळूहळू वळवायला हवा होता. जबरदस्ती नाही, तो सांगेल तिथं थांबायचं. पण त्याची आई दोन मिनिटांत रडायला लागायची. शेवटी त्याचाच फोन आला.

"कवा येतोयस?"

"मी?"

"मग कोण? बाकीच्यास्नी जमत न्हाय. तुला हात कळतो."

मी गेलो. चाची दारातच उभी होती, समीरची आई. ती आत येऊन बाजूला बसली आणि उठली नाही. मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. फिजिओथेरपिस्टनं आधी मला त्यांच्या क्लिनिकमध्ये शिकवलं होतं. एक हात दंडाखाली, एक मनगटाशी. माझ्या डाव्या हाताची तीन बोटं अजून पूर्ण उचलत नाहीत, पण धरता येतं. त्याचं मनगट हातात आलं तेव्हा छातीत धडधडायला लागलं. मी बाईंनी शिकवल्याप्रमाणं मोठ्यानं म्हणालो, "मी समीरच्या घरात आहे. हा समीरचा हात आहे." समीर हसला नाही.

मी वळवायला सुरुवात केली. अर्ध्यावर हात अडला, त्याच्या कपाळावर शीर उठली, तो कण्हला. चाची जागेवरून अर्धी उठली.

"थांब," समीर म्हणाला.

मी थांबलो. हात तिथंच धरून ठेवला आणि सावकाश त्याच्या मांडीवर आणून सोडला. त्यानं दोन-तीनदा श्वास घेतला, घाम पुसला.

मग हात उचलून त्यानं पुन्हा माझ्या हातात दिला.