खुंटीवरचा देव

ते पुस्तक अजून काही जणांच्या देवघरात आहे. परवा जबलपूरच्या सदर भागात एका ओळखीच्या बाईंकडे गेले, तर समईशेजारी तेच ठेवलेलं. 'बालमुखातून ब्रह्म'. गुलाबी पुठ्ठा, त्यावर चौरंगावर मांडी घालून बसलेली सहा वर्षांची पोर, डोळे मिटलेले आणि डोक्यामागे काढलेलं तेजाचं वर्तुळ. त्या फोटोच्या वेळी मी तिथे हजर होते. पोरीचे डोळे मिटले ते फोटोवाल्याचा दिवा डोळ्यांवर आला म्हणून. बाईंनी पुस्तकाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मला समोरचा चहा जाईना.

"तुम्ही ओळखत होतात ना या मुलीला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी तिच्या आईला ओळखत होते. त्यांना आश्चर्य वाटलं. वाटणारच. त्या अख्ख्या पुस्तकात पोरीला आई असल्याचा उल्लेखच नाही.

तिची आई भानुमती गोतमारे. वर्ध्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन जबलपूरला आली आणि दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये माझी शेजारीण झाली. आमची मधली भिंत एकच. माझे यजमान फॅक्टरीच्या ऑफिसात, तिचा नवरा तुळशीराम भराईच्या सेक्शनमध्ये, म्हणजे गोळ्यांत बारूद भरायच्या कामावर. बाई ठेंगणी, चपळ, आणि तोंडानं अगदी काटकसरी. इतकी वर्षं काढूनही हिंदीशी तिचं जमलं नव्हतं. भाजीवाल्याशी ती मराठीतच बोलायची, फक्त जरा मोठ्यानं, म्हणजे त्याला समजेल. आणि त्याला समजायचं.

एका माणसासमोर मात्र तिचा आवाज कधी निघाला नाही. तो म्हणजे रामराव, तुळशीरामचा थोरला चुलतभाऊ, तिचा भासरा. भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. रामराव आले की हिचा पदर डोक्यावर, आणि सगळं बोलणं पोरीच्या मार्फत. "विनू, मोठ्या बाबाले सांग, चहा झाला." मोठे बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. पोर मान वळवून सांगायची, "मोठे बाबा, चहा झाला." मला हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं.

भराईच्या सेक्शनमध्ये धातूचा कण चालत नसे. काडेपेटी, विडी, अंगठी, सगळं बाहेर. आत कपडेसुद्धा फॅक्टरीचेच. तुळशीरामच्या गळ्यात माहूरच्या रेणुकामातेचा चांदीचा ताईत होता, त्याच्या आईनं बांधलेला. ड्यूटीवर निघताना तो ताईत काढायचा, दाराजवळच्या खुंटीला अडकवायचा, हात जोडायचा आणि सायकलवर टांग टाकायचा. घरी आला की आधी ताईत गळ्यात, मग पाणी. तो गेला की भानुमती रोज खुंटीवर एक फूल ठेवायची.

एकदा मी त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. विनीता, म्हणजे विनू, खुंटीकडे पाहत म्हणाली, "आई, बाबा देवीले घरीच काहून ठेवतात?"

"तिथं चांदी चालत नाही. ठिणगी पडली तर सारं उडून जाईन."

"म्हणजे देवीलेही आत जाऊ देत नाहीत?"

"नाही देत."

पोरीनं मेथीची एक काडी मोडली. मग म्हणाली, "मग बाबा बॉम्ब भरून राहिले हे देवीले माहीतच नसन. ती तर घरी असते. तिले नका सांगू हं आई. रडन ती."

 भानुमतीनं पोरीला जवळ ओढलं, तिचे केस सारखे केले आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. खरं म्हणजे ते तिथेच राहायला हवं होतं.

पण तुळशीरामनं कौतुकानं ते रामरावांना सांगितलं. रामराव एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, आमच्या मराठी भजनी मंडळाचे अध्यक्ष, आवाज भरदार, तोंडात कायम पान. दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी हजर. "बेटा, देव कसा असतो?" पोर सांगायची जसं सुचेल तसं. एकदा म्हणाली, "देव लहान असतो. मोठा असता तर भूक लागल्यावर स्वतः घेऊन खाल्लं असतं. आपण भरवतो त्याले." मला ते फार आवडलं. रामरावांनी लिहून घेतलं, 'परमेश्वर सूक्ष्म असून भक्तीचा भुकेला आहे.' त्या सहा वर्षांच्या जिवाच्या तोंडून त्यांनी स्वतःचं कीर्तन काढलं आणि वर पोरीला पेढा दिला.

पेढ्याचं पोरीला लवकरच समजलं. मोठ्या बाबांना काय आवडतं ते ओळखून ती बोलू लागली. डोळे मिटून बोललं की दोन पेढे. एकदा मी विचारलं, "विनू, डोळे काहून मिटतेस?" तर म्हणाली, "मोठे बाबा म्हणतात, असं केल्यावर देव दिसतो. मले तर काळं दिसते." मला त्या माणसाची शिसारी आली. आणि तुळशीरामचीही, जो कोपऱ्यात हात जोडून बसायचा. स्वतःच्या लेकीपुढे!

कमानिया गेटजवळच्या एका छापखान्यात पुस्तक छापलं. प्रकाशन पासष्ट साली, मंडळाच्या गणपतीत. त्याच दिवसांत लढाई सुरू झाली. फॅक्टरीला जास्तीच्या पाळ्या लागल्या, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले, ज्यांची मुलं फौजेत त्यांच्या घरातलं हसणं थांबलं. घाबरलेल्या लोकांपुढे काहीही ठेवलं तरी चालतं. रामरावांनी चौरंगावर पोर ठेवली. जरीचं परकर-पोलकं, कपाळभर मळवट. एका बाईनं परात आणली आणि पोरीचे पाय धुतले. दिवसभर क्वार्टरच्या मातीत लंगडी खेळलेले ते पाय. परातीतलं पाणी काळं झालं, आणि चांगली शिकली-सवरलेली माणसं रांग लावून ते पाणी ओंजळीनं प्यायली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी मांडवाबाहेर येऊन थुंकले. विनू त्यांच्याकडे पाहून रडवेली झाली होती. "ते घाण पाणी आहे," ती म्हणत होती. रामराव लगेच माइकवर म्हणाले, "बघा, केवढी ही विनम्रता!"

मग त्यांनी पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं. 'बालयोगिनी म्हणते, देवाला जो घराच्या खुंटीवर सोडून जातो, त्याच्यासाठी देवी रडते. देवाला जो अंगावर घेऊन जातो, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.' मांडवात फॅक्टरीची माणसं भरलेली होती. बहुतेक भराईवालीच. टाळ्या पडल्या.

घरी येताना भानुमती माझ्याजवळ आली. "हेमाताई, विनू असं नव्हती बोलली."

"मग सांगा ना रामरावांना."

"भासऱ्यासमोर?" तिनं पदर ओढून घेतला. "यांना सांगतलं म्या. हे म्हणतात, छापलेलं आहे, खोटं कसं असन?"

ज्यानं स्वतःच्या कानांनी पोरीचे शब्द ऐकले होते, त्यालाही छापलेले शब्द खरे वाटले. माणसाच्या या असल्या भाबडेपणाला लोक भक्ती म्हणतात. मी नाही म्हणत.

त्यानंतर काही दिवसांनी, तुळशीराम दिवसपाळीला गेल्यावर, भानुमती माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात जास्वंदीचं फूल तसंच.

"हेमाताई, देवी खुंटीवर नाही."

"काढायचा विसरले असतील. गेटवरच्या झडतीत सापडेल की."

"विसरले नाहीत." तिचे ओठ पांढरे पडले होते. "काल नवा करदोडा मागून राहिले होते. जाड पाहिजे म्हणे. म्या दिला."

कमरेच्या करदोड्याला ताईत, वरून घट्ट लंगोट. झडतीवाला खिसे चाचपतो, लंगोट सोडून बघत नाही.  मी काही बोलायच्या आत ती पळत सुटली होती. मी विनूचा हात धरून तिच्यामागे निघाले. वाटेत भानुमतीची चप्पल तुटून पडली होती, ती विनूनं उचलून घेतली.

गेटपाशी पोचले तेव्हा भानुमती दरवानासमोर उभी होती. श्यामसुंदर नावाचा सिहोऱ्याकडचा म्हातारा. "क्या हुआ बाईजी? बोलिए तो," तो विचारत होता, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. लढाईचे दिवस. बारुदात चोरून धातू नेला म्हणजे नोकरी गेली, कदाचित तुरुंगसुद्धा. क्वार्टर जाईल. नवरा आयुष्यभर तोंड पाहणार नाही. आणि नाही सांगितलं तर संध्याकाळी तो हसत घरी येईलही. रोज काही ठिणगी पडत नाही. आत सेक्शनभर माणसं काम करत होती. तिनं एकदा विनूकडे पाहिलं.

मग ती हिंदीत बोलली. तिची ती मोडकी हिंदी मी जन्मात विसरणार नाही.

"भैया, मेरे आदमी के कमर में चांदी है. अंदर बारूद है. उसको बाहर निकालो. तुळशीराम गोतमारे, भराई. जल्दी निकालो."

शिट्ट्या झाल्या. काम थांबलं. सगळ्यांना बाहेर काढून कपडे उतरवून झडती घेतली. तुळशीरामच्या कमरेला ताईत निघाला. पण तो एकटा नव्हता. कुणाच्या केसांत दडवलेला शंकराचा पत्रा, कुणाच्या मांडीला बांधलेला मारुती, मोहन नावाच्या पोरगेल्या कामगारानं तर बालाजीचा शिक्का चक्क तोंडात धरला होता. सगळ्यांनी पुस्तक वाचलं होतं. केसालाही धक्का लागू नये म्हणून ते सगळे मिळून अख्खा सेक्शन उडवायला निघाले होते.

साहेब बरा होता. लढाईत माणसं हवी होती म्हणूनही असेल, नोकऱ्या राहिल्या. पण तुळशीरामला भराईवरून काढून आवारात पेट्या उचलायला लावलं, बढती कायमची गेली. तो बायकोशी बोलायचा बंद झाला. नळावर बाया तिला जागा देईनात. "नवऱ्याले धरून देणारी," असं ती ऐकेल इतक्या आवाजात म्हणायच्या. ज्यांचे नवरे तिच्यामुळे जिवंत घरी येत होते त्याच या बाया. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नसे.

आणि रामराव? त्यांना कुणी शब्दानं विचारलं नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी ते मंडळासकट दर्शनाला हजर, पेढ्यांचा पुडा घेऊन. भानुमतीनं आतून चौरंग उचलून आणला, बाहेर ओट्यावर ठेवला आणि त्यावर तुळशीरामचे फॅक्टरीचे बूट ठेवले. मग डोक्यावर पदर न घेता ती रामरावांच्या डोळ्यांत पाहून बोलली. पहिल्यांदा आणि शेवटचं.

"भाऊजी, आजपासून माही पोरगी लंगडी खेळन. तुमचा देव तुम्ही बोलवा."

रामरावांचं पान तोंडात तसंच राहिलं. "तुळशीराम," ते म्हणाले, "समजव बायकोला. पाप लागेल." तुळशीरामनं मान खाली घातली. पण दार लागलं ते लागलंच, आणि विनू शाळेत जाऊ लागली.

एकाहत्तरला पुन्हा लढाई आली, आणि पुस्तकाची दुसरी आवृत्तीही. लोक पुन्हा घाबरले होते ना! तीत एक प्रकरण नवं होतं: 'अनर्थ टळला'. बालयोगिनीला म्हणे ध्यानात पित्याचं संकट दिसलं, रेणुकामाता स्वतः स्त्रीरूपानं गेटवर प्रकटली, द्वारपालाला आज्ञा करून अंतर्धान पावली. अनवाणी होती म्हणे, एवढं मात्र खरं. भानुमतीचं नाव कुठेच नाही.

ती आवृत्ती तुळशीरामनं घरी आणली. मी विरजण मागायला गेले होते. तो मोठ्यानं वाचत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भानुमती चुलीपुढे भाकऱ्या करत होती. वाचून झाल्यावर त्यानं पुस्तक कपाळाला लावलं, देवघरात ठेवलं आणि म्हणाला, "देवीनंच वाचवलं. देवी धावली म्हणून मी आहे."

विनू बारा वर्षांची झाली होती. ती अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "देवी तर तुमच्या कमरेला होती, बाबा. धावली आई. चप्पल म्या उचलली होती."

 भानुमतीनं तव्यावरची भाकरी उलटली. इतक्या वर्षांत त्या घरात देवाबद्दल कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच.

पुढच्या भजनाला तुळशीरामनं ते रामरावांना सांगितलं. कौतुकानं नव्हे, तक्रार म्हणून. रामरावांनी पान चघळत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"असं होतं रे," ते म्हणाले. "पोर मोठी झाली. आता तिच्यात देव राहिला नाही."