धोट्यातून ओढलेले सूत

आरंभीच क्षमा मागते. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत वाणसामानाची यादी, मुलीच्या शाळेला पाठवायच्या चिठ्ठ्या आणि इमारतीतल्या नव्या मराठी कुटुंबांसाठी कचरा वेगळा करण्याच्या सूचना, यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. अशा बाईने छापण्यासाठी लेख लिहायला बसावे, हे आगाऊपणाचे आहे. त्यातही विषय अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापडगिरण्यांचा आणि हिपहॉपचा. त्यातले पहिले मला पुस्तकांतून थोडेफार ठाऊक आहे. दुसरे फक्त भिंतीपलीकडून, कारण मुलीची खोली आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे. तरी लिहिते आहे, कारण जे घडले त्यातली चूक माझी होती, आणि ती दुसऱ्या कोणी सांगण्यासारखी नाही.

मुलगी सोळा वर्षांची आहे. जन्म इथला, जपानातल्या निशी-कसाईचा. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत किंवा जपानीत उत्तर देते, आणि काही हवे असले की मराठीत बोलते. प्राथमिक शाळेत तिच्या डब्याला नाक मुरडणारी मुले होती. तेव्हापासून ती गप्प झाली होती. मग कधीतरी कानांत हेडफोन आले, आणि वहीच्या मागच्या पानांवर ओळी दिसू लागल्या. तिच्या आवडीचे गायक अमेरिकेच्या दक्षिणेतले. आपल्या पणज्यांनी वेचलेला कापूस, आजोबांनी झाडलेली गिरणी, हे सगळे ते ठेक्यात बसवून सांगतात, असे तिने मला एकदा फार गंभीरपणे समजावले होते. मला शब्द कळत नव्हते. राग कळत होता.

गेल्या वर्षी तिच्या शाळेत इतिहास शिकवायला त्याच भागातल्या एक कृष्णवर्णीय बाई आल्या. त्यांनी वर्गात सांगितले, की त्यांच्या गावच्या गिरणीत यंत्रांवरची कामे गोऱ्यांची आणि कापसाच्या गासड्या फोडण्याची, झाडलोटीची कामे काळ्यांची, अशी वाटणी होती. मालकाने एकदा काही काळ्या स्त्रियांना यंत्रांवर घेतले, तेव्हा गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. एरवी पगारासाठी मालकाशी झगडणारेच कामगार हे. बाईंची आजी त्या गिरणीत जन्मभर झाडू मारत राहिली. मुलीने त्यावर रॅप लिहायचे ठरवले आणि बाईंना विचारायला गेली. बाई म्हणाल्या, लिही, पण आधी तुझी माणसं कुठे उभी होती ते शोध.

ती घरी आली ती थेट ओट्यापाशी.

"आई, पणजोबा कॉटन मिलमध्ये होते ना?"

"हो. मुंबईला. माझे आजोबा."

"कुठे उभे होते?"

"म्हणजे?"

"मिलमध्ये. कुठे उभे असायचे?"

"दोन साच्यांच्या मध्ये," मी म्हणाले. "साचा म्हणजे लूम. एका माणसाकडे दोन असायचे."

उत्तर खरे होते. पण प्रश्न तो नव्हता, हे मला तेव्हाही कळले होते.

मग मी तिला धोट्याची गोष्ट सांगितली. मागावर आडव्या धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. कांडी संपली की नवी घालायची, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते बोटांनी निघत नाही. विणकर भोकाला ओठ लावून जोरात श्वास आत ओढतो, तेव्हा सूत बाहेर येते. दिवसभर हेच. आजोबांनी आयुष्यभर कापसाची तूस गिळली आणि म्हातारपणी ते खोकत राहिले. निवृत्त होताना त्यांनी एक जुना धोटा घरी आणला होता. मी दहा वर्षांची असताना त्यांनी तो तोंडाला लावून मला दाखवला होता.

मुलीचे डोळे चमकले. तिने शोधून काढले, की अमेरिकेतल्या गिरण्यांतही विणकर असेच करत. तिने बॉलपेनची नळी मोकळी केली, माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि तो ओठांनी ओढून पाहिला. दोरा घशात गेला. ठसका लागला, आम्ही दोघी हसलो.

"ओएक्. हे रोज करायचं?"

"रोज."

"सगळे?"

"साच्यावरचे सगळे," मी म्हणाले.

आजोबांनी त्या दिवशी धोटा खाली ठेवून जे म्हटले होते, ते मी तिला सांगितले नाही. ते म्हणाले होते, "म्हणून तर त्या लोकांना आम्ही साच्यावर येऊ दिलं नाही. त्यांच्या तोंडचा धोटा उद्या आमच्या तोंडाला लागायचा." आवाजात द्वेष नव्हता. जेवणापूर्वी हात धुवावेत असे सांगावे, तशा सुरात ते बोलले होते. पुढे पुण्याला अर्थशास्त्रात एम. ए. करताना हीच गोष्ट मला पुस्तकात भेटली. साच्यावर पगार जास्त, आणि ते काम अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद. बंद ठेवणारे मालक नव्हेत, शेजारचे कामगार. परीक्षेत यावर प्रश्न आला तेव्हा मी पानभर उत्तर लिहिले. आजोबांचा उल्लेख अर्थातच केला नाही.

मुलीची दोन कडवी इंग्रजीत झाली. पहिले त्या बाहेर पडलेल्या गोऱ्या कामगारांवर, दुसरे पणजोबांवर. मधले पालुपद तिला मराठीत हवे होते.

"तू लिही ना. तुझं मराठी हेवी आहे."

मी नको नको म्हणाले आणि दोन दिवस मनाशी तेच घोळवत राहिले. भाजी चिरताना एक ओळ आली आणि तिच्यामागून दुसरी आपोआप येऊन बसली:

एकच धोटा, एकच सूत, एक श्वास आत,
कुणी कुणाच्या ओठांना विचारली ना जात.

तिने ते ठेक्यावर म्हणून पाहिले आणि म्हणाली, "आई, यू आर अ रॅपर." मला इतका आनंद झाला की सांगायला लाज वाटते. ओळ खोटी होती हे मला माहीत होते, अगदी शब्दाशब्दाने माहीत होते. पण ती जुळली होती. आपण लिहिलेले कोणीतरी मोठ्याने म्हणणार, हे माझ्या बाबतीत प्रथमच घडत होते. मी स्वतःला सांगितले, की गाणे म्हणजे काही परीक्षेतले उत्तर नव्हे.

इथे मला माझ्या मैत्रिणीविषयी सांगायला हवे. ती इथून जवळच, फुनाबोरीला राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्यांच्या नोकरीपायी इथे आलो आणि वॉर्ड कार्यालयाच्या जपानी वर्गात भेटलो. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने तिचे आडनाव घेऊन पुढे आदराचे 'सान' लावले, आणि मला जे कळायचे ते कळले. माझ्या आडनावावरून तिलाही कळले असणार. त्यानंतर इतकी वर्षे दर बुधवारी सकाळी आम्ही नदीकाठाने चाललो. बाळंतपणे, सासूबाई, व्हिसा, भूकंपानंतरचे ते भयंकर दिवस, सगळे बोललो. जातीविषयी एक शब्द बोललो नाही, आणि मी त्यालाच मोकळेपणा समजत आले. एकदा मी आजोबांच्या गिरणीचे काही सांगत होते, तेव्हा ती चालताचालता म्हणाली होती, "आमचेही आजोबा गिरणीतच होते." मी म्हणाले, "अगबाई, हो का?" आणि पाण्यावरचा बगळा दाखवला. कुठल्या खात्यात, हे मी विचारले नाही.

मे महिन्यातल्या सुटीच्या रविवारी आमच्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र दिन केला. सार्वजनिक सभागृह भाड्याने घेतले होते. बूट दाराशी काढायचे, आपला कचरा आपण घरी न्यायचा आणि चारला किल्ली परत करायची. महाराष्ट्र दिनालाच कामगार दिनही असतो, म्हणून निवेदकांनी मुलीचे गाणे मुद्दाम शेवटी ठेवले. तिने माझी जुनी इरकली साडी फाडून शिवलेला कुडता घातला होता. कडवी इंग्रजीत, त्यामुळे आजी-आजोबा मंडळी नुसती कौतुकाने पाहत होती. पालुपद आले तशा माना डोलू लागल्या. तिसऱ्या वेळी सगळे सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत होते, कुणी कुणाच्या ओठांना विचारली ना जात. मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचे हात मांडीवर होते.

नंतर सगळेजण घडीच्या खुर्च्या आवरू लागले. कोणीतरी ओरडत होते, "उचला पटापट, नाहीतर पुढच्या वर्षी पार्कात साजरा करावा लागेल." मुलगी मैत्रिणीकडे धावली.

"मावशी, कसं झालं?"

"आवाज छान आहे गं तुझा. ओळी कुणाच्या?"

"इंग्लिश माझ्या. मराठी आईच्या."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. मग मुलीशीच बोलली.

"माझे आजोबापण गिरणीत होते, बाळा. सूत कातायच्या खात्यात. त्यांनी कातलेलं सूत साच्यावर जायचं. त्यांना मात्र कधी साचा चालवू दिला नाही."

"व्हाय?"

"ओठांमुळे. त्यांचे ओठ लागलेला धोटा बाकीच्यांना चालला नसता."

"पण आई म्हणाली..."

"मग आईला विचार." तिने दोन खुर्च्या उचलल्या, भिंतीशी नीट लावल्या आणि माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "ओळ चांगली जुळलीय."

इतक्या वर्षांत ती मला असे काही बोलली नव्हती.

घरी जाताना सिग्नलपाशी मुलीने जपानीत विचारले, की तुला ठाऊक होते का. मी हो म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

"तरी लिहिलंस?"

"चांगली वाटली ओळ," मी म्हणाले. याहून खरे उत्तर माझ्याकडे नव्हते.

दिवा हिरवा झाला. ती हलली नाही. "पहिल्या कडव्यात मी त्या वॉकआउट करणाऱ्यांना शिव्या घातल्यात, आई. भित्रे म्हटलंय. पणजोबा त्यांच्यातलेच होते. मी एकाच गाण्यात त्यांना शिव्या दिल्या आणि त्यांना सलाम केला. आणि तू बसून टाळ्या वाजवल्यास."

दुसऱ्या आठवड्यात ती मला न सांगता सायकलने फुनाबोरीला गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मैत्रिणीने तिला चहा दिला होता, आजोबांविषयी दोन तास सांगितले होते, आणि शेवटी म्हणाली होती, "हे तुला कळावं म्हणून सांगितलं. गाण्यात घालू नकोस. हे माझं आहे, मला वाटेल तेव्हा मी सांगेन. तू तुझ्या पणजोबांचं सांग."

मग मुलीने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केले आणि म्हणाली, "आता सांग." मी सांगितले. आजोबांचे ते वाक्य त्यांच्याच सुरात म्हटले, तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना. हेही सांगितले, की एका लांबलेल्या संपात कताईवाल्यांच्या चाळीत ज्वारी पोचवायला आजोबाच स्वतःच्या डोक्यावर पोते घेऊन गेले होते. ही गोष्ट आमच्या घरी अभिमानाने सांगत. मुलीने विचारले, "आत गेले होते?" मला आठवले, आजोबा नेहमी म्हणत, पोतं उंबऱ्यावर ठेवलं. मी तेच सांगितले. तिने मान हलवली आणि रेकॉर्डिंग बंद केले.

गाणे तिने नव्याने लिहिले. शाळेच्या शरद ऋतूतल्या महोत्सवात म्हणणार आहे. पहिल्या कडव्यातले गोरे कामगार आणि दुसऱ्यातले पणजोबा आता एकाच दारात उभे आहेत, पाठ बाहेरच्यांकडे करून. शिवी तिने काढून टाकली. तिच्या मते ती देणे फार सोपे होते. मराठी पालुपदही काढले. त्या जागी काही घातलेले नाही, तिथे फक्त ठेका वाजतो. नवीन ओळ लिहून देऊ का, असे मी विचारले नाही आणि तिनेही मागितली नाही. ती माझ्याशी नीट बोलते. फक्त माझ्या माहेरची एखादी गोष्ट मी सांगू लागले, की एक क्षण थांबून माझ्याकडे पाहते.

मैत्रिणीचा त्या कार्यक्रमानंतरच्या मंगळवारीच निरोप आला होता, या बुधवारी जमणार नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात निरोप आला नाही. मी एकटी नदीकाठी दोनदा जाऊन आले, मग तेही सोडले. मी तिला तीन पत्रे लिहिली. पहिले फार सुंदर झाले होते, म्हणून फाडले. दुसऱ्यात माझ्याच दुःखाविषयी जास्त होते. तिसऱ्यात एकच ओळ आहे, की तुझे आजोबा कुठल्या खात्यात होते हे मला त्या दिवशी माहीत होते, आणि मी बगळा दाखवला. ते घेऊन मी दोनदा फुनाबोरीला गेले. तिच्या इमारतीच्या दाराशी आकड्यांची पाटी आहे. घराचा क्रमांक दाबला की वर तिला पडद्यावर माझा चेहरा दिसतो, आणि दार उघडायचे की नाही हे तिला ठरवता येते. दोन्ही वेळा मी क्रमांक न दाबता परतले. मी भ्याले, हे खरे आहे. पण केवळ भीती नव्हती. मी दाराशी उभी राहिले, तर तिला पुन्हा एकदा माझ्यासाठी चांगले वागणे भाग पडेल, असेही वाटले. इतकी वर्षे ती तेच करत आली असावी.

येत्या बुधवारी पुन्हा जायचे म्हणते आहे. तुम्ही तिच्या जागी असता, तर मला आत घेतले असते का?