धरलेला दम
पंक्चरवाल्याकडे ट्यूबचा वास आला की मला मालवणचा समुद्र आठवतो. लग्नानंतर आम्ही दोघं किन्हवलीहून तिकडे स्कूबा करायला गेलो होतो. गावात कोणाची बादली विहिरीत पडली की बुडी मारून मीच काढायचो, त्यामुळे मला काय शिकवणार, असा माझा तोरा. बायकोला तर पोहताही येत नव्हतं. शिकवणारा बजावत होता, "दादा, तोंडाने श्वास घेत राहा, रोखू नका." पण डोकं पाण्यात गेलं की दम धरायचा, ही माझी लहानपणापासूनची सवय. तोंडात रबरी नळी, पाठीवर हवेची टाकी, आणि मी छाती फुगवून गप्प! सारखा भोपळ्यासारखा वर यायचो. शेवटी म्हटलं, "माझ्याने नाय होणार." निघण्याआधी एकदा खाली डोकावलो, तर बायको दुसऱ्या शिकवणाऱ्याचा हात धरून निवांत बुडबुडे सोडत पिवळे मासे बघत होती. मग मीही नळी तोंडात धरून मुकाट श्वास घेतला, सोडला, आणि अलगद तिच्याशेजारी उतरलो. अजूनही बादली पडली की मीच विहिरीत उतरतो. बुडी मारणार, तेवढ्यात ती काठावरून ओरडते, "अवो, श्वास घेत राहा हां!" मग हसू फुटतं आणि धरलेला दम सगळा सुटतो.