फाइल पाहायचा कार्यक्रम

कलाबाई अवसरमोल आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. शाळा देऊळघाटच्या पुढच्या एका लहान गावातली. मी तिथली शिक्षिका, बुलढाण्याहून रोज ये-जा करणारी. कलाबाईच्या खिचडीला चव होती आणि जिभेला धार. मुख्याध्यापकांनी तिच्याशी वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. मीही काही गरीब गाय नव्हे, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला. पण जमलं ते असं, की मी निवृत्त झाल्यावरही काही अडलं की ती मलाच फोन करते. निवृत्तीनंतर कुणीतरी आपल्याला विचारतं हे बरं वाटतं, ते कशाला लपवू?

तिचं घर पत्र्याचं होतं. नवरा, जानराव, वारल्यानंतर ती त्यात एकटीच राहायची. उन्हाळ्यात दुपारी आत पाय ठेवायची सोय नव्हती. ती विहाराच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि ऊन उतरलं की घरी यायची. पक्कं घर व्हावं, एवढी एकच इच्छा होती तिची. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळतं म्हणून तिनं अर्ज केला, आणि काही महिन्यांनी चौकशीला तालुक्याच्या ठिकाणी गेली. कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही, पुढं तिथल्या माणसांनी आम्हाला चहा पाजला आहे. खिडकीतून उत्तर आलं, "तुमचं काम झालं."

कलाबाईनं सरळ अर्थ घेतला. येताना रवा-साखर घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी पोरांना खिचडीबरोबर शिरा मिळाला. त्याच आठवड्यात तिनं अंगणातलं पेरूचं झाड तोडलं. पाया खणायला जागा नको का? मी म्हटलं, अहो, आधी कागद तर हातात येऊ द्या. तर म्हणे, सरकारी माणूस खोटं कशाला बोलेल. एवढा विश्वास मी माझ्या सख्ख्या भावावरही टाकला नसता.

वर्ष गेलं. मी निवृत्त झाले. घराचा पत्ता नाही, पेरूही नाही. ती पुन्हा विचारायला गेली, तर आवाज जरा चढवून तेच उत्तर: बाई, काम झालं म्हणून सांगितलं ना. तेव्हा तिचा मला फोन आला.

"मॅडम, काम झालं म्हंतेत, अन घर तं दिसून नाही राह्यलं."

माझं डोकं फिरलं. पण डोकं फिरवून सरकारी कामं होत नाहीत, हे नोकरीनं शिकवलं होतं. मला एक गोष्ट ठाऊक होती. राज्य सरकारचा आदेश आहे की जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच लोकांना दप्तर पाहू द्यायचं. आपण जायचं, आपल्या कामाची फाइल मागायची, आणि समोर बसून पाहायची. मी हे सांगितल्यावर कलाबाई फोनवर हसायलाच लागली. म्हणजे पोरगी पाहायला जातात तसंच की, म्हणाली. सोमवारी ती एसटीतून उतरली ती ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून. वरपक्षाचा थाट काय वर्णावा.

टेबलाशी सौमित्र धर्माधिकारी नावाचा तरुण लिपिक होता. नुकताच बदलून आलेला आणि नम्र. फाइल पाहायची म्हटल्यावर त्यानं नक्कल हवी का विचारलं. नको म्हटल्यावर तक्रार आहे का विचारलं. नुसतं पाहायला कुणी आलेलं त्याच्या बघण्यात नसावं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच पाहणार ना?"

"मी पाह्यणार," कलाबाई म्हणाली.

तिला वाचता येतं का, असं त्यानं संकोचत विचारलं. ती नाही म्हणाली.

"मग पाहून..."

"डोये हायेत ना मले."

मी बोलायला तोंड उघडलंच होतं, पण तिनं टेबलाखालून माझा हात दाबला. फाइल आली. त्यानं ती सरळ तिच्यापुढं ठेवली, हे मला आवडलं. पण वाचणारी मी. वर नाव, कलाबाई जानराव अवसरमोल. गाव आमचंच. खाली शेरा: लाभ दिला, घरकुल पूर्ण.

हिचं घर कुणीतरी खाल्लं! मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. घर कुठं आहे ते दाखवा, पैसे कुणी उचलले ते सांगा, साहेबांना बोलवा, असा मी तोंडाचा पट्टा सुरू केला. पलीकडच्या टेबलांवरचे लोक उठून उभे राहिले. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या बाईसाहेब शांतपणे कागदावरचा फोटो न्याहाळत होत्या.

"मॅडम, थांबा जरा. हे मी नाही. हे तं शिलाईवाली कलाबाई हाय."

मी पाहिलं. खरंच की. गावात कलाबाई दोन. दोघींचे नवरे चुलतभाऊ, आणि दोघेही जानराव. गावाचा कधी घोटाळा झाला नाही, कारण एक पोषणवाली आणि दुसरी शिलाईवाली. शिलाईवालीचं घरकुल खरोखरच झालं होतं आणि आम्ही दोघी तिथं जेवूनही आलो होतो. कुणी काही खाल्लेलं नव्हतं. मी खाली बसले.

सौमित्रचा चेहरा उतरला. त्यानं पानं उलटली. त्याच फाइलीत मागं, त्याच दोरीला बांधलेला दुसरा अर्ज निघाला. त्यावर आमची कलाबाई, आणि तिच्या फोटोच्या अगदी शेजारी लाल शाईत: दुबार अर्ज, निकाली. एकाच बाईनं दोनदा अर्ज केला, असं आधीच्या कुणीतरी समजून प्रकरण संपवलं होतं. काम झालं ते असं. सौमित्रनं दोन्ही अर्ज तिथंच वेगळे केले आणि उठून उभं राहून माफी मागितली. हे माझ्या आधीचं आहे, असं म्हणता आलं असतं, पण तो म्हणाला नाही. चहा आला. कलाबाई बशीत ओतून निवांत प्यायली आणि पोरगा गुणाचा आहे असं माझ्या कानात म्हणाली.

घर पुढं रीतसर मंजूर झालं. आता वर स्लॅब घातली आहे, आणि परवा भर दुपारी मी तिच्याकडे आतल्या खोलीत झोपले. पण मला त्या सोमवारचं सगळ्यात जास्त आठवतं ते निघतानाचं.

फाइल पाहून झाली की नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. सौमित्रनं तिच्या वतीनं सुबक अक्षरात लिहिलं: अवलोकन केले, दोन भिन्न अर्जदार असल्याचे निदर्शनास आले. तिला अंगठा लावायला सांगितला. तिनं आधी वाचून दाखवायला लावलं. त्यानं वाचलं.

"याच्यात मी कुठं हाओ?"

दोन भिन्न अर्जदार म्हणजे एक त्या आणि एक तुम्हीच, असं त्यानं समजावलं. तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

"तसं नका लिवू, सायेब. साधं लिवा. मी हाय."

सौमित्रनं माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही त्याच्याकडे सरकवली. त्यानं आपली ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं: मी आहे. मग कलाबाईनं अंगठ्याला शाई लावली आणि तो त्या दोन शब्दांच्या शेजारी जोर देऊन उमटवला.